घोडा अचानक लंगडला तर? नवीन घोडेमालकांसाठी खुराची तातडीची काळजी, पहिल्यापासून

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे घेणारी माणसं बघा कधी. भोवरे कुठे आहेत ते बघतील, कानांची टोकं जुळतात का, पंचकल्याणी आहे का, दात किती, रेवाल चाल कशी आहे, सगळं बघतील, लाखाचा सौदा करून घोडा टेम्पोत चढवतील, पण चारातला एक पायसुद्धा उचलून खालून बघणार नाहीत. मी माझी पहिली घोडी अशीच घेतली होती आणि पुढच्या वर्षभरात जे काही शिकले ते तिच्या खुरांनीच शिकवलं, त्यातलं बरंचसं रात्री बॅटरीच्या उजेडात. हल्ली बरीच तरुण मंडळी घोडे घ्यायला लागलीयत, कुणी शर्यतीसाठी कुणी लग्नाच्या वरातीसाठी कुणी नुसती हौस म्हणून, आणि मला येणारे फोन जवळपास एकाच प्रश्नाचे असतात: काल बरा होता, आज पायच टेकवत नाहीये, काय करू?

तर ते क्रमाने सांगते. पण एक आधीच सांगते, हे सगळं डॉक्टर येईपर्यंत काय करायचं आणि काय करायचं नाही यासाठी आहे, डॉक्टरऐवजी नाही.

आधी चांगला खूर ओळखायला शिका

आजारी खूर कळायला निरोगी खूर हाताला माहीत पाहिजे, दुसरा मार्ग नाही. रोज सकाळी खरारा करता ना, तेव्हाच चारही पाय उचलायचे. घोड्याच्या खांद्याजवळ, तोंड त्याच्या शेपटीकडे करून उभं राहायचं, हात खांद्यापासून पायाच्या मागून खाली खाली सरकवत न्यायचा आणि खालच्या शिरेला (रक्ताची नाही, दोरीसारखी कंडरा, या लेखात शीर म्हणजे तीच) हलका चिमटा घ्यायचा, सवय झाली की घोडा स्वतःच पाय देतो. मग हुकने टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती काढायची, उलटं नाही.

खाली मधोमध जो व्ही आकाराचा रबरासारखा भाग दिसतो त्याला डॉक्टर फ्रॉग म्हणतात, आमचे नालबंद चाचा पुतळी म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना दोन खोल चरे असतात, माती, लीद, खडे सगळं तिथेच अडकतं. बाहेरची भिंत आपल्या नखासारखीच, तिला दुखत नाही, म्हणून तर तिच्यात नालेचे खिळे मारता येतात. पण आत हाड आहे, आणि ते हाड भिंतीला पाचशे-सहाशे बारीक पापुद्र्यांनी धरून ठेवलेलं असतं, दोन वह्यांची पानं एकमेकांत सरकवून ठेवावीत तसं. घोड्याचं जवळपास साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, म्हणजे चारेकशे किलोच्या घोड्यात पुढच्या एकेका खुरावर एकशेवीस किलो सहज, आणि ते सगळं या पापुद्र्यांवर लटकलेलं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता नाडी. खुराच्या वरचा पहिला मोठा सांधा, त्याच्या मागच्या बाजूला दोन्ही कडांना बोटं ठेवून हलकं दाबलं की कातडीखाली दोरीसारखं काहीतरी सरकतं, तिथे नाडी लागते. निरोगी घोड्यात ती इतकी मंद असते की नवख्याला सापडतच नाही, मला पहिले आठ दिवस सापडली नव्हती. घाबरू नका, रोज शोधा. कारण ज्या दिवशी खुराच्या आत आग पेटते त्या दिवशी ती बोटाखाली ठणठण उडते आणि तो फरक ज्याने रोज हात लावलाय त्यालाच पटकन कळतो. खूर गरम आहे का तेही हाताच्या मागच्या बाजूने बघायचं, पण काळा खूर उन्हात तासभर असला तरी तापतो, त्यामुळे सावलीत आणून बघा आणि नेहमी बाकीच्या तीन पायांशी ताडून बघा.

लंगडताना दिसला, आता पहिली दहा मिनिटं

थांबवा. चालवून बघायची हौस नको, "चाल मोकळी होते" असं कुणी म्हणालं तरी नको. जिथे आहे तिथेच, सपाट जागा असेल तर उत्तम, वरून उतरा, खोगीर काढा.

कुठला पाय ते चार पावलांत कळतं. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. मागचा असेल तर पुठ्ठ्याकडे बघा, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो.

मग पाय उचला, हुकने स्वच्छ करा, पाण्याने धुवा आणि नीट बघा. खडा अडकलाय का, खिळा किंवा तार घुसलीय का, नाल सरकलीय का, कुठे काळा ठिपका किंवा ओल आहे का. मग ऊब, मग नाडी. नंतर वर सांध्यापर्यंत आणि मागच्या शिरांवरून हात फिरवा, सूज आहे का. पाय लोंबकळत असेल, वेड्यावाकड्या दिशेला वळत असेल तर ते खुराचं प्रकरण नाहीच, घोडा अजिबात हलवू नका आणि डॉक्टरला "हाड मोडलंय असं वाटतं" असं स्पष्ट सांगा. नाहीतर अचानक तीन पायांवर आलेल्या घोड्यात बहुतेक वेळा कारण खुरातच सापडतं.

डॉक्टरला फोन करताना पाच गोष्टी सांगा: कुठला पाय, कधीपासून, खूर गरम आहे का नाडी उडतेय का, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं, आणि गेल्या दहा दिवसांत नाल मारलीय का. ओळखीचा डॉक्टर नसेल तर १९६२ हा सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री नंबर आहे, तो लावा.

खिळा घुसलाय

वरातीच्या घोड्यांचं हे नेहमीचं दुखणं, मांडव सोडला की खिळे तिथेच पडलेले असतात. पहिल्यांदा हात जातो तो खिळा उपटायला, आणि इथेच चूक होते. खिळा कुठे आणि किती खोल गेलाय हे एक्सरेत खिळा आत असतानाच नीट दिसतं. काढला की पुतळीचं ते भोक रबरासारखं मिटून जातं, तासाभराने तुम्हालाच जागा सापडणार नाही, डॉक्टरला काय सापडणार. म्हणून डॉक्टर लवकर पोचणार असेल तर खिळा राहू द्या, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे तुकडे ठेवून टेपने बांधा, म्हणजे वजन टाकलं तरी खिळा अजून आत जाणार नाही.

पण घोडा पाय आपटत असेल, खिळा आत आत चाललाय असं दिसत असेल, तर काढावाच लागतो. आधी मोबाईलवर फोटो काढा, एक खालून सरळ आणि एक बाजूने. ज्या दिशेने गेलाय त्याच दिशेने सरळ ओढा. भोकाभोवती मार्करने गोल करा. खिळा फेकू नका, किती लांबीपर्यंत आत होता तिथे खूण करून डॉक्टरला दाखवा. मग धुवून बीटाडीन, त्यावर स्वच्छ पट्टी.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे पुतळीचा मधला भाग आणि बाजूचे दोन चरे. तिथून सरळ आत गेलं की शीर, तिच्यामागची पाण्याची पिशवी आणि सांधा, आणि तिथे घाण पोचली तर घोडा जिवानिशी जाऊ शकतो. बाहेर रक्ताचा थेंबसुद्धा नसतो, घोडा दुसऱ्या दिवशी बरा चालतोय असंही वाटतं, तरी थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर. आणि धनुर्वात! घोड्याइतका धनुर्वाताला नाजूक प्राणी पाळीव जनावरांत दुसरा नाही, खुरातली बारीकशी जखमसुद्धा पुरते. लस चालू नसेल तर जखम झाल्यावर नुसती लस भागत नाही, अँटिटॉक्सिनही (धनुर्वाताच्या विषावर लगेच काम करणारं इंजेक्शन) लागतं, ते डॉक्टर ठरवतील, पण तुम्ही आठवण करा.

आत पू झालाय

माझ्या घोडीचं हेच होतं. ऑगस्टमधली संध्याकाळ, दुपारी गोठ्यात नीट उभी होती आणि पाच वाजता पुढचा उजवा पाय नुसता टोकावर टेकवून थरथरत उभी, घामाघूम. मला वाटलं पायच मोडला. सूज नाही, जखम नाही, पण त्या एका पायाची नाडी बोटाखाली ठोके मारत होती आणि खूर बाकीच्यांपेक्षा गरम. डॉक्टरांनी खुराचा मोठा चिमटा लावून कडेकडेने दाबत आणलं, टाचेजवळ एका जागी आल्यावर तिने पाय असा हिसकला की मी बाजूला फेकले गेले. तळवा थोडा कोरून बघितला, पू सापडला नाही, तेव्हा त्यांनी कोरणं थांबवलं आणि शेकायला सांगितलं. ते थांबले म्हणून मी आजही त्यांची आभारी आहे, कारण पू शोधत तळव्याला मोठं भगदाड पाडून ठेवलेले घोडे मी नंतर पाहिलेत आणि मूळ दुखण्यापेक्षा ते भरायला जास्त दिवस लागतात. चाकू तुम्ही हातात घेऊच नका.

शेकायचं असं: बादलीत हाताला सोसेल इतपत गरम पाणी, त्यात एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, दोन-तीन मुठी, पंधरा-वीस मिनिटं पाय आत. जनावर बादलीला बुजत असेल तर जाड प्लास्टिकची पिशवी पायात घालून तिच्यात पाणी ओता. मग पोटीस: गव्हाचा कोंडा आणि एप्सम सॉल्ट गरम पाण्यात कालवून घट्ट करायचं, तळव्याला आणि वर केस संपून खूर सुरू होतो त्या कडेपर्यंत थापायचं, त्यावर लहान बाळाचं डायपर गुंडाळायचं (हे खरंच सगळ्यात सोयीचं पडतं), त्यावर क्रेप बँडेज आणि तळाला डक्ट टेपच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांची चौकट आधी जमिनीवर तयार करून ती चिकटवायची. टेप खुराच्या वर कातडीवर घट्ट आवळू नका, रक्त अडतं. दिवसातून एकदा बदला, जमलं तर दोनदा.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी गेले तेव्हा ती चारही पायांवर उभी होती. पट्टी सोडली तर टाचेच्या वर, केसांच्या कडेला, नखाएवढी चीर पडलेली आणि तिच्यातून राखाडी-काळं पातळ पाणी येत होतं, वास असा की कुजलेलं अंडं बरं. त्या घाणीचा मला त्या दिवशी जेवढा आनंद झाला तेवढा कशाचाच झाला नसेल. पू खालून निघो किंवा वरून, निघाला की घोडा चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत फरक दाखवतो. नाही दाखवला तर आत अजून काहीतरी आहे, परत बोलवा. पू निघाल्यावर शेकणं कमी करायचं, आता खूर कोरडा पाहिजे. तळव्याला भोक असेल तर साखर आणि बीटाडीन कालवून मधासारखी पेस्ट करून भरायची आणि बांधायचं, भोक कडक होईपर्यंत.

वेदनेच्या गोळ्यांबद्दल. आपल्या घरातली कुठलीही गोळी द्यायची नाही. डायक्लोफेनॅकला तर २००६ पासून जनावरांसाठी बंदी आहे, गिधाडं त्यानेच जवळपास संपली. घोड्याला चालणारी औषधं वेगळी आहेत, मात्राही वजनावर, आणि डॉक्टर बघण्याआधी दुखणं दाबलं तर तपासणीत काही कळत नाही.

नाल सरकली, किंवा नाल मारल्यावर लंगडतोय

नाल मारून दोन-चार दिवसांत लंगडायला लागला तर खिळा जिवंत भागाजवळ गेलाय असं धरून चाला. नालबंदाला बोलवा, प्रत्येक खिळ्यावर हलकं ठोकून बघू द्या, ज्याला झटका देतो तो काढायचा आणि भोकात बीटाडीन. यात नालबंदावर ओरडण्यासारखं काही नसतं, पातळ भिंतीच्या खुरात चांगल्या हातांकडूनही होतं, लपवलं की मात्र वाढतं.

अर्धी उचकटलेली नाल आणि नालबंद चार तास लांब, तर ती तुम्हालाच काढता यायला पाहिजे. बाहेर वळवलेली खिळ्यांची टोकं आधी कानशीने घासून टाका किंवा सरळ करा, मग पकडीने टाचेकडून सुरुवात करून नाल थोडी इकडून थोडी तिकडून सैल करत पुढच्या टोकाकडे या, शक्य तर खिळा एकेक करून उपटा. एका झटक्यात ओढलं तर भिंतीचा तुकडा घेऊन येते. पुढच्या वेळी नालबंद आला की त्याच्यासमोर एकदा हे करून बघा, शांत दिवशी शिकलेलं असलं की बरं.

लॅमिनायटिस, यात तास मोजायचे असतात

लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं कोडं: घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे. इतकं आपल्या डोक्यात बसलंय हे की घोडा अडला की त्याला फिरवायचा. लॅमिनायटिसमध्ये नेमकं हेच जीवघेणं आहे. ते पापुद्रे सांगितले ना, ते सुजून सुटायला लागतात. प्रत्येक पावलाला हाडाला जोडलेली शीर मागे ओढते, वरून वजन दाबतं, आणि हाड भिंतीपासून सुटून खाली फिरतं. म्हणून फिरवायचा नाही, जागचा हलवायचा नाही.

ओळखायचं कसं? दोन्ही पुढचे पाय पुढे काढून टाचांवर भार, मागचे पाय पोटाखाली ओढलेले, जणू मागे रेलून उभाय. वळायला सांगितलं तर वळत नाही, पाय उचलू देत नाही कारण दुसऱ्यावर भार येतो. दोन्ही पायांत नाडी उडते. पू एका पायात असतो, हे बहुतेक दोन्ही पुढच्या पायांत, कधी चारही.

कारणं आपल्या अंगणातलीच असतात. हरभऱ्याचं किंवा चंदीचं (दाण्याच्या खुराकाचं) पोतं फोडून घोड्याने पोटभर खाल्लं. वरातीत प्रत्येकाने प्रेमाने गूळ, लाडू, पाव चारला. घोडी व्याली आणि वार अडकली; घोडीची वार तीन तासांत पडायला पाहिजे, गाईसारखं उद्यापर्यंत बघू असं चालत नाही. कडक डांबरी रस्त्यावर लांब दौड. किंवा एक पाय मोडल्यामुळे सगळा भार दुसऱ्यावर, आठवडाभराने तो चांगला पायच जातो.

पोतं खाल्लं तर लंगडायची वाट बघत बसू नका, लंगडणं एक-दोन दिवसांनी येतं आणि तोवर आतलं नुकसान होऊन गेलेलं असतं. लगेच डॉक्टर आणि लगेच बर्फ. बर्फाची लादी फोडून, बर्फ अधिक पाणी, जाड पिशवीत किंवा उंच बादलीत, खुरापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, आणि हे दहा मिनिटं करून सोडायचं नाही, सलग अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास भरत राहायचं. घरातली चार माणसं पाळ्या लावा. मासळीबाजारातून बर्फ आणा. बर्फाचा उपयोग सुरुवातीलाच सगळ्यात जास्त, उशीर झाला की कमी.

चंदी, गूळ, हिरवा चारा सगळं बंद. वाळलेलं गवत अर्धा-एक तास पाण्यात भिजवून, पाणी फेकून द्यायचं. एकदम उपाशीही ठेवू नका, लठ्ठ तट्टू आणि गाढवं यांना उपास बाधतो. खाली वाळू किंवा लाकडाचा भुसा वीतभर जाड, आडवा पडायचा तर पडू द्या, उठवू नका. थर्माकोलची दोन इंची शीट खुराच्या आकारात कापून तळाला टेपने बांधली तर आधार मिळतो. नाल तशीच ठेवायची का काढायची ते डॉक्टर आणि नालबंद मिळून ठरवू द्या, ठोकाठोकीने त्रास वाढू शकतो.

पावसाळा

माथेरान-महाबळेश्वरच्या घोडेवाल्यांना हे सांगायला नको, जुलैत लाल चिखल आणि लीद यात दिवसरात्र पाय, आणि पुतळी सडते. चऱ्यात काळं मऊ, वास, हुक लागला की घोडा पाय ओढतो. उपाय महाग नाही पण रोजचा आहे: स्वच्छ करा, धुवा, कपड्याने कोरडं करा, बीटाडीनमध्ये भिजवलेला कापूस चऱ्यात खोल दाबून ठेवा, रोज बदला. सुटलेला भाग नालबंदाकडून कापून घ्या. मोरचूद वापरायची पद्धत जुनी आहे पण घट्ट कालवून लावलं तर जिवंत भाग भाजतो, रक्त येणाऱ्या जागी तर नकोच. आणि उभं राहायची जागा उंच-कोरडी केली नाही तर कुठलंच औषध टिकत नाही, दोन ट्रॉली मुरूम टाका.

टाचेला किंवा केसांच्या कडेला पत्र्याने कापलं तर स्वच्छ जाड पट्टीने घट्ट दाबून धरा, हळद-राख-ग्रीस काही भरू नका, ती कड म्हणजे खूर जिथे तयार होतो ती जागा, तिथला व्रण खूर वाढतानाही तसाच उतरतो.

नंतरची नाल

तातडीचं निभावलं की खरं काम सुरू होतं. लॅमिनायटिस झालेल्या घोड्याचा बाजूने एक्सरे काढल्याशिवाय खूर कापू देऊ नका, हाड किती फिरलंय आणि तळवा किती उरलाय हे बाहेरून दिसत नाही. परळच्या किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात नेता येत असेल तर न्या. साधारण दिशा अशी की टाच गरजेप्रमाणे सांभाळून पुढचं टोक आखूड करायचं, म्हणजे पाऊल उचलताना शिरेची ओढ कमी होते, आणि भार भिंतीवरून काढून पुतळीच्या आधारावर आणायचा. त्यासाठी बंद नाल, हार्ट-बार, पॅड असे प्रकार आहेत, पण कुठल्या घोड्याला कुठली ते एक्सरेवरून. शेजाऱ्याच्या घोड्याला लागू पडली म्हणून तीच मारून घेऊ नका. चार ते सहा आठवड्यांनी परत, चुकवायचं नाही.

एक डबा भरून ठेवा आणि त्याला घरातलं दुसरं कुणी हात लावणार नाही असं बघा: हुक, कानस, पकड, बीटाडीन, एप्सम सॉल्ट, कापूस, चार क्रेप बँडेज, मोठ्या साईजची डायपर, डक्ट टेप, थर्मामीटर, मार्कर, हेडलाईट. दोन्ही हात मोकळे लागतात म्हणून हेडलाईट, मोबाईलचा टॉर्च दातात धरून पट्टी बांधता येत नाही.

खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, पुढचं टोक वरून खालपर्यंत नवं यायला नऊ महिने ते वर्ष, टाच त्याआधी. माझ्या घोडीच्या टाचेवरची ती नखाएवढी चीर आडव्या भेगेसारखी महिन्या-महिन्याने खाली उतरताना मी बघितलीय. तुमच्याकडेही पू वरून फुटला असेल तर ती तारीख लिहून ठेवा, आणि भेग खिळ्यांच्या रांगेजवळ आली की नालबंदाला आधी दाखवा, तिथली भिंत पोकळ असते, त्या जागी खिळा मारायचा नाही, एक सोडून पुढचा मारायचा.